नाकेबंदी, फौज आणि गोवा : वाचकांचे प्रश्न

गोवा मुक्तिदिनाच्या निमित्ताने मागील अंकात आम्ही १९ डिसेंबर १९६१ च्या घटनांवर एक छोटे टिपण छापले होते. सहा वर्षांची आर्थिक नाकेबंदी निष्फळ ठरल्यावर पंडित नेहरूंनी गोव्यात फौज पाठवली, असे एक वाक्य त्यात होते. त्या एका वाक्यावर बेळगाव, खानापूर, लोंढा आणि निपाणी येथून पत्रे आली, आणि त्यांतील बहुतेकांचा सूर असा होता की हे इतके सरळ नसावे. पत्रलेखकांचे म्हणणे बरोबर आहे. निवडक पत्रांतील प्रश्न थोडक्यात देऊन त्यांना येथे उत्तरे दिली आहेत. प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

नाकेबंदी आणखी काही वर्षे चालू ठेवली असती, तर रक्त न सांडता गोवा मिळाला नसता का? गांधीजींच्या शिष्याने इतक्या उतावीळपणे शस्त्र का उचलावे?
— निवृत्त शिक्षक, खानापूर

उतावीळपणाचा आरोप आधी बाजूला करू. भारत स्वतंत्र झाल्यापासून गोवा मुक्त होईपर्यंत चौदा वर्षे गेली. फेब्रुवारी १९५० मध्ये भारताने पोर्तुगालला वाटाघाटींचा रीतसर प्रस्ताव दिला, तो लिस्बनने फेटाळला. दुसऱ्याच वर्षी पोर्तुगालने आपल्या राज्यघटनेत बदल करून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ ठरवले, म्हणजे ज्या विषयावर बोलायचे तो विषयच कागदोपत्री नाहीसा केला. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला, त्यात वीसहून अधिक माणसे मेली, आणि त्यानंतर आधीपासून थोडीफार चालू असलेली बंधने कडक होऊन रेल्वे, मालवाहतूक व व्यापार यांची खरी नाकेबंदी सुरू झाली. ज्या पंतप्रधानाला त्याचे विरोधक आणि समाजवादी मित्र ‘किती थांबणार’ म्हणून धारेवर धरत होते, त्याला उतावीळ म्हणणे कठीण आहे.

आता मुख्य प्रश्न. नाकेबंदी चालते की नाही हे ती किती वर्षे चालवली यावर फारसे अवलंबून नसते. ती कोणावर लावली आहे आणि त्याला दुसरी वाट आहे का, यावर ते ठरते. भारताने याच काळात हे साधन तीन ठिकाणी वापरले आणि तिन्ही ठिकाणी फळ वेगळे आले. हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता, चारही बाजूंनी भारताचा प्रदेश होता, त्यामुळे १९४७-४८ मधली आर्थिक कोंडी निजामाला लवकर जाणवली. तरीही शेवटी सप्टेंबर १९४८ मध्ये फौज पाठवावीच लागली, हेही विसरू नये. पुदुच्चेरीत १९५४ मध्ये परवाने आणि जकातीची कडक बंधने घातली गेली आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला फ्रान्सने कारभार भारताच्या हाती दिला. यात बंधनांचा वाटा होता, पण त्याहून मोठा वाटा असा की फ्रान्समध्ये संसद होती, विरोधी पक्ष होते, वृत्तपत्रे होती आणि इंडोचायनातल्या युद्धाने देश थकलेला होता. चार लहान वसाहतींसाठी नवे भांडण नको, असे तिथल्या सरकारला वाटू शकत होते आणि ते तसे वागूही शकत होते.

गोव्याच्या बाबतीत यातले काहीच नव्हते. मुरगावसारखे बंदर उघडे होते आणि जमिनीवरून बंद झालेला माल समुद्रमार्गे दूरदूरच्या देशांतून येऊ लागला. दाबोळीचा विमानतळ याच नाकेबंदीच्या काळात उभा राहिला आणि १९५५ मध्ये पोर्तुगीज भारताची स्वतंत्र विमानसेवा सुरू होऊन कराचीशी संपर्क जुळला. त्यातच गोव्यातल्या लोहखनिजाला जपान आणि पश्चिम जर्मनीच्या पोलाद कारखान्यांकडून मागणी आली. खाणी वाढल्या, मजुरी मिळू लागली, परकीय चलन येऊ लागले. ज्या प्रदेशाची आर्थिक कोंडी करायची, त्या प्रदेशाच्या हाती ऐन त्याच वर्षांत पैसा खेळू लागला.

आणि समजा कोंडी खरोखर घट्ट झाली असती, तरी तिचा ताण कोणापर्यंत पोहोचला असता? पोर्तुगालचा सत्ताधीश सालाझार निवडणुकीतून येणारा नव्हता. गोव्यातल्या घरातली चूल पेटली नाही म्हणून लिस्बनमध्ये कोणाची खुर्ची हलणार नव्हती. शिवाय त्याच्या दृष्टीने गोवा हा हिशेबाचा प्रश्नच नव्हता. गोवा सोडला की अंगोला आणि मोझांबिक धरून ठेवण्याला आधार उरत नाही, हे तो जाणून होता. अशा माणसाला तांदूळ-सिमेंटच्या टंचाईने नमवता येत नाही. म्हणून आणखी काही वर्षांनी काय झाले असते याचे माझे उत्तर असे आहे की, १९७४ साली पोर्तुगालमध्ये लष्करी उठाव होऊन ती राजवट पडेपर्यंत बहुधा काहीच झाले नसते.

आमचे आजोबा रेल्वेत होते. कॅसलरॉकला गाडी थांबली ती पुढे गेलीच नाही, असे ते सांगत. त्या नाकेबंदीची झळ नेमकी कोणाला लागली?
— एक वाचक, लोंढा

इतिहासाच्या पुस्तकांत या प्रश्नाला एखादे वाक्य मिळते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतची रेल्वे १८८८ मध्ये पूर्ण झाली. घाट चढून आलेली गाडी कॅसलरॉकला ब्रिटिश हद्दीत शिरे, पोर्तुगीज हद्दीतले तपासणीचे ठाणे खाली कुळे येथे होते, आणि लोंढ्याला ती हुबळी-पुण्याच्या मार्गाला मिळे. ही रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीपासून रामघाट आणि तिनई घाटातून बैलांच्या पाठीवरून तांदूळ, गूळ आणि मिरची खाली उतरत असे, तर मीठ, सुके मासे आणि खोबरे वर येत असे. गोवा हा पोटापाण्यासाठी कायमच घाटमाथ्याकडे पाहणारा प्रदेश राहिला आहे. (आजही गोव्याच्या बाजारातली भाजी बेळगावहून जाते आणि चोर्ला घाटात दरड कोसळली की पणजीत कोथिंबिरीचा भाव चढतो.) १९५५ मध्ये हा सगळा व्यवहार कायद्याने थांबला.

पहिली झळ लागली ती गोव्यातल्या साध्या माणसाला. त्या काळी गोव्यातल्या असंख्य कुटुंबांचा कर्ता मुंबईत नोकरीला असे, कोणी बोटीवर, कोणी स्वयंपाकघरात, कोणी कचेरीत, आणि महिन्याची मनिऑर्डर हाच घराचा आधार असे. पैसे पाठवण्यावर बंधने आली तेव्हा लिस्बनच्या तिजोरीला त्याचा धक्काही लागला नाही, पण बार्देश-सासष्टीतल्या म्हाताऱ्या आईबापांना लागला. येण्याजाण्यासाठी परवाने लागू झाले. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांचे सोयरसंबंध डिचोली, सत्तरी, सांगे येथे होते. लग्नकार्याला, मयताला जाणे म्हणजे कागदपत्रांचे प्रकरण झाले. याच अनुभवांमुळे पुढे काही बंधने सैल करावी लागली. आपल्याच लोकांना मुक्त करण्यासाठी आपल्याच लोकांची कोंडी करायची, ही विसंगती दिल्लीलाही दिसत होती.

दुसरी झळ सीमेवरच्या व्यापाराला लागली. लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक ही ठिकाणे मोठी झाली ती या वाहतुकीमुळे. ती थांबल्यावर हमाल, गाडीवान, अडते, खानावळवाले यांचे काय झाले असेल हे आपल्या आजोबांनी आपल्याला अधिक नीट सांगितले असेल. सरळ व्यापार बंद झाला की वाकडा सुरू होतो, हा जगभरचा अनुभव येथेही आला. सोने, घड्याळे, परदेशी कापड आणि दारू रानवाटांनी वर येऊ लागली. म्हणजे नाकेबंदीने ज्यांचे नुकसान व्हायला हवे होते त्यांचे फारसे झाले नाही, ज्यांचे व्हायला नको होते त्यांचे झाले, आणि मधल्या मध्ये काहींनी हात धुऊन घेतले.

याच कॅसलरॉकची एक दुसरी आठवणही नोंदवण्यासारखी आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गुप्त आकाशवाणी सुरू केली आणि पुढे ते केंद्र कॅसलरॉकला हलवले. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून चालणारे ते प्रसारण १९६१ पर्यंत बंद पडले नाही. ज्या मार्गावरून माल जाणे थांबले होते, त्या मार्गावरून बातमी जात राहिली. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा या आठवणीला बऱ्याच वर्षांनी उजाळा मिळाला.

नेहरूंनी १९५५ मध्ये सैन्य वापरण्यास नकार दिला आणि १९६१ मध्ये तेच केले. मधल्या काळात असे काय बदलले? निवडणूक हेच खरे कारण होते असे काही जण म्हणतात.
— इतिहासाची विद्यार्थिनी, बेळगाव

आधी १९५५ चा नकार समजून घ्यावा लागेल. कोरियात युद्धबंदीसाठी मध्यस्थी करणारा, बांडुंग परिषदेत शांततेचे सूत्र मांडणारा देश स्वतःच्या दारात बंदूक कशी चालवणार, हा नेहरूंपुढचा पेच खरा होता. काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत होता आणि तेथे भारत बळाच्या वापराविरुद्ध बोलत होता. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा सदस्य होता. डिसेंबर १९५५ मध्ये तर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या निवेदनात आशियातल्या पोर्तुगीज ‘प्रांतां’चा उल्लेख केला, ज्यामुळे भारतात संतापाची लाट उसळली. अटलांटिक महासागरातल्या पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरचा तळ अमेरिकेला हवा होता, त्यामुळे लिस्बनला दुखवायची वॉशिंग्टनची तयारी नव्हती. याशिवाय दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये स्थानिक स्वयंसेवकांनी मुक्त केल्यानंतर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता आणि तो चालू असताना गोव्यात फौज घालणे म्हणजे स्वतःच्या हाताने खटला बिघडवणे ठरले असते.

१९६० नंतर ही एकेक अडचण दूर होत गेली. एप्रिल १९६० मध्ये हेगचा निकाल लागला. दादरा व नगर हवेलीकडे जाताना नागरिक आणि सामान यांच्यापुरता पोर्तुगालला मार्गाचा हक्क होता, पण सैनिक, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे नेण्याचा नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असे न्यायालयाने ठरवले. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला आणि लगेच दुसऱ्या ठरावाने गोव्यासह पोर्तुगालचे सगळे ‘प्रांत’ ही पारतंत्र्यातली भूमी आहे असे नोंदवले. १९६१ च्या सुरुवातीला अंगोलात उठाव पेटला, लिस्बनचे लक्ष आणि सैन्य तिकडे वळले. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींविषयी परिसंवाद झाला आणि आफ्रिकेतल्या नेत्यांनी तेथे भारताला सरळ विचारले की, तुम्हीच हलणार नसाल तर आम्ही कोणाकडे पाहायचे. माझ्या मते नेहरूंना सर्वांत जास्त लागला तो हा प्रश्न. ज्या प्रतिमेसाठी ते फौज वापरत नव्हते, तीच प्रतिमा आता फौज न वापरल्यामुळे झिजू लागली होती.

नोव्हेंबरात कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी ‘साबरमती’ या प्रवासी जहाजावर गोळीबार केला आणि काही दिवसांनी त्यांच्या गोळीने एक मच्छीमार मारला गेला. हे निमित्त होते. निर्णयाची जमीन आधीच तयार झाली होती.

निवडणुकीबद्दल म्हणाल, तर फेब्रुवारी १९६२ मध्ये सार्वत्रिक निवडणूक होती आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते, हे खरे आहे. त्या मतदारसंघात गोव्याचा विषय जिव्हाळ्याचा होता हेही खरे आहे. मोहिमेचा मुहूर्त डिसेंबरात का निघाला याचे थोडे उत्तर त्यात मिळू शकेल, मात्र मोहीम का निघाली याचे नाही. शेवटच्या आठवड्यातही नेहरू घुटमळत होते. अमेरिकेचे राजदूत गॅलब्रेथ त्यांना भेटून थांबण्याची गळ घालत होते, संयुक्त राष्ट्रांचे ऊ थांट संयमाचे आवाहन करत होते आणि मोहिमेची तारीख एकाहून अधिक वेळा पुढे ढकलली गेली. निव्वळ मतांसाठी निघालेला माणूस इतका घुटमळत नाही.

भारताची कारवाई आंतरराष्ट्रीय कायद्यात बसत होती का? भावनेचे नव्हे, कायद्याचे उत्तर द्यावे.
— वकील, निपाणी

कायद्याचे उत्तर भारताच्या बाजूने पूर्णपणे जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) दुसऱ्या राज्याच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध बळाचा वापर मना करते. स्वसंरक्षणाचा अपवाद अंजदीवच्या गोळीबारावर ताणून बसवणे कोणाही तटस्थ न्यायाधीशाला जड गेले असते. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी वेगळीच बाजू मांडली. वसाहत हेच मुळात चालू असलेले आक्रमण आहे, गोवा भारताचाच भाग आहे, त्यामुळे येथे सीमा ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही, असा त्यांचा रोख होता. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धबंदी व सैन्य मागे घेण्याचा ठराव आणला. त्याच्या बाजूने सात मते पडली, विरोधात सोव्हिएत संघ, श्रीलंका (तेव्हाचे सिलोन), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) अशी चार, आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो ठराव पडला. विरोधातल्या चारपैकी तीन देश आशिया-आफ्रिकेतले होते, ही गोष्ट मला नकाराधिकाराइतकीच महत्त्वाची वाटते.

भारतीय न्यायालयाने पुढे काय म्हटले तेही पाहावे. १९६९ मध्ये गोव्यातल्या एका धर्मगुरूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोवा लष्करी कारवाईनंतर भारतात विलीन झालेला प्रदेश मानला आणि विलीनीकरणानंतर ‘व्याप्त प्रदेशा’चे संरक्षण मागता येत नाही असे ठरवले. राजकीय व्यासपीठावरचा युक्तिवाद आणि न्यायालयातला युक्तिवाद यांत असे अंतर राहिले. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते सालाझारची राजवट कोसळल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. आपल्या प्रश्नाचा कायदेशीर शेवट तेथे होतो.

मोहीम बेळगावातून चालली असे ऐकतो. इतक्या थोड्या पोर्तुगीजांसाठी एवढी मोठी फौज कशाला लागली?
— माजी सैनिक, बेळगाव

आपण बरोबर ऐकले आहे. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची १७ वी पायदळ डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड बेळगावच्या परिसरात जमवण्यात आली होती, वर दक्षिण कमांडचे लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी होते, आणि सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उडालेल्या हंटर विमानांनी १८ डिसेंबरला बांबोळीचे बिनतारी संदेश केंद्र निकामी केले. एक मोहरा अनमोडवरून मोले-फोंड्याकडे उतरला, दुसरा उत्तरेकडून दोडामार्गच्या बाजूने. मूळ योजनेत पॅराशूट ब्रिगेडचे काम दुय्यम होते, पण सगतसिंगांचे जवान इतक्या झपाट्याने पुढे गेले की १९ तारखेच्या सकाळी पणजी त्यांच्याच हाती आली. त्या ब्रिगेडमध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी, म्हणजे मूळची मराठा बटालियन होती, हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात वेगळे सांगायला नको.

संख्येचे म्हणाल, तर पोर्तुगीज बाजूला तीन-साडेतीन हजार सैनिक, काही पोलीस, ‘आफोंसो द आल्बुकर्क’ ही एक जुनी युद्धनौका आणि शून्य लढाऊ विमाने होती. सालाझारचा हुकूम शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा होता. किमान आठ दिवस तग धरला तर जगाचा दबाव येऊन भारत थांबेल, असा त्याचा हिशेब होता. मोठी फौज पाठवण्याचे कारण नेमके हेच आहे. आठ दिवस लागले असते तर सुरक्षा परिषदेत दुसरा ठराव आला असता, पणजी-मडगावात घरोघर लढाई झाली असती आणि मेले असते ते बहुतांशी गोवेकर. गव्हर्नर जनरल वासालू इ सिल्व्हा यांनी तो हुकूम मानला नाही आणि १९ डिसेंबरच्या संध्याकाळी शरणागती दिली. त्याबद्दल मायदेशी त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले, १९७४ नंतर त्यांचा हुद्दा परत मिळाला. या मोहिमेच्या कथेत भारतीय सेनापतींइतकेच श्रेय या पोर्तुगीज माणसाला द्यावे असे मला वाटते.

भारताचे २२ जवान धारातीर्थी पडले, त्यांतले नौदलाचे सात अंजदीववर. पोर्तुगालचे ३० मेले आणि साडेचार हजारांवर कैद झाले. मात्र दोन दिवसांत मिळालेल्या या यशाने दिल्लीत काही जणांचा अंदाज बिघडला असावा. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात चीनच्या सीमेवर जे घडले, तेथे समोर एकटी पडलेली तुकडी नव्हती आणि मागे अनमोडसारखा जवळचा रस्ताही नव्हता.

गोव्यासाठी फौज पाठवणारे केंद्र सरकार आमच्या सीमाप्रश्नावर मात्र इतकी वर्षे गप्प का?
— एक वाचक, खानापूर तालुका

ही भावना आम्हाला परकी नाही, पण तुलना जुळत नाही. गोव्यात परकी सत्ता होती, येथे दोन घटक राज्ये एकाच राज्यघटनेखाली आहेत आणि राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार कलम ३ ने संसदेला दिलेला आहे. महाराष्ट्राचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. सीमाप्रश्नावर या सदरात पूर्वी लिहिले आहे आणि पुढेही लिहू, येथे तो विषय वाढवत नाही.

१९९१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी कुवेतसाठी असाच निर्णय घेतला. नेहरूंचा निर्णय बरोबर असेल तर बुश यांचाही बरोबर मानावा लागेल का?
— पदव्युत्तर विद्यार्थी, बेळगाव

तसे बंधन नाही, कारण दोघांसमोरची परिस्थिती बऱ्याच अंशी उलटी होती. इराकने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेत गिळले आणि चारच दिवसांत सुरक्षा परिषदेने ठराव ६६१ करून सर्वंकष आर्थिक निर्बंध लादले. गोव्याच्या नाकेबंदीत भारत एकटा होता, येथे जवळजवळ सगळे जग सामील होते. इराकची कमाई तेलावर आणि तेलाच्या नळवाहिन्या तुर्कस्तान व सौदी अरेबियातून जाणाऱ्या, त्या दोन्ही बंद झाल्या. सीआयएचे संचालक विल्यम वेबस्टर यांनी डिसेंबरात संसदीय समितीला सांगितले की इराकची ९७ टक्के निर्यात आणि ९० टक्क्यांहून अधिक आयात थांबली आहे. पण त्याच साक्षीत त्यांनी हेही सांगितले की एवढ्याने सद्दाम हुसेन कुवेत सोडतील याची खात्री देता येत नाही. सैन्यदलांचे माजी प्रमुख अॅडमिरल क्रो यांचे मत मात्र असे होते की निर्बंधांना बारा ते अठरा महिने द्यावेत, आणि त्यानेच काम होत असेल तर तेवढी वाट पाहणे परवडते.

बुश थांबले नाहीत. ८ नोव्हेंबरलाच त्यांनी आखातातली फौज जवळजवळ दुप्पट करण्याची घोषणा केली होती. पाच लाख सैनिक वाळवंटात वर्षभर बसवून ठेवता येत नाहीत, मार्चमध्ये रमजान आणि त्यामागून उन्हाळा येणार, अरब राष्ट्रांची आघाडी किती दिवस टिकेल सांगता येत नाही, अशी त्यांची कारणे होती. ती खोटी नव्हती, पण त्यांतले पहिले कारण त्यांनी स्वतःच तयार केले होते. निर्बंधांना वेळ द्यायचा असता तर फौज दुप्पट केली नसती. १२ जानेवारी १९९१ रोजी अमेरिकेच्या सिनेटने ५२ विरुद्ध ४७ आणि प्रतिनिधीगृहाने २५० विरुद्ध १८३ मतांनी युद्धाला परवानगी दिली, १७ तारखेला बॉम्बहल्ले सुरू झाले आणि फेब्रुवारीअखेर कुवेत मुक्त झाले.

माझे मत विचाराल तर बुश यांच्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे. त्यांच्यामागे ठराव ६७८ होता, म्हणजे सुरक्षा परिषदेची परवानगी होती, जी नेहरूंना मिळाली नव्हती आणि मिळणारही नव्हती. नेहरूंच्या बाजूने भक्कम गोष्ट ही की दुसरे साधन सहा वर्षे वापरून, त्याचे दुखणे स्वतःच्या माणसांना सोसायला लावून, ते चालत नाही हे त्यांनी सर्वांच्या डोळ्यांदेखत पाहिले होते. बुश यांनी निर्बंधांना साडेपाच महिने दिले. ते चालले असते की नाही याचे उत्तर आता कोणीच देऊ शकत नाही. दक्षिण आफ्रिकेवर भारताने १९४६ मध्येच व्यापारबंदी घातली होती, जग हळूहळू तिकडे वळले आणि वर्णभेदी राजवट नव्वदच्या दशकात संपली, हे उदाहरण धीर धरा म्हणणारे देतात. पण तेथल्या राजवटीला मतदार होते, तिच्या उद्योगपतींना बाहेरच्या बाजारांची गरज होती आणि देशांतर्गत चळवळ जिवंत होती. सद्दाम यांच्या इराकमध्ये यातले काही नव्हते, सालाझारच्या गोव्यात तर नव्हतेच.

एक फरक फारसा कोणी सांगत नाही. गोव्यात फौज शिरली आणि नाकेबंदी संपली, कॅसलरॉकची गाडी १९६२ मध्ये पुन्हा मुरगावपर्यंत धावू लागली, मनिऑर्डरी सुरू झाल्या. इराकमध्ये युद्ध संपल्यावरही निर्बंध उठले नाहीत. अण्वस्त्रे, रासायनिक अस्त्रे नष्ट केल्याची खात्री पटेपर्यंत ते चालू ठेवायचे ठरले आणि ते मे २००३ पर्यंत, म्हणजे दुसरे युद्ध होऊन सद्दाम पदच्युत होईपर्यंत चालू राहिले. १९९६ मध्ये ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ ही योजना सुरू होईपर्यंत औषधे आणि धान्य यांसाठीही इराकी कुटुंबांचे अतोनात हाल झाले. तेव्हा बुश यांनी निर्बंधांऐवजी बळ निवडले असे आपण म्हणतो खरे, पण इराकच्या सामान्य माणसाच्या वाट्याला दोन्ही आले.